कोटाची पाठ

त्याला सगळे ओळंबा म्हणत. लिफ्टचा मिस्त्री. इमारत कितीही टोलेजंग असो, वरून खाली तार सोडायची, तिच्या टोकाला वजन बांधून ओळंबा करायचा आणि लिफ्टचे रूळ त्या तारेशी जुळतात की नाही ते पाहायचं, हा त्याचा धंदा. रूळ नखभर कलला तरी लिफ्ट खडखडते आणि आत उभी असलेली बाई पिशवी छातीशी घट्ट धरते. अशा कामात हयात गेल्यावर माणसाला सगळीकडे तिरकंच दिसायला लागतं. कोणाकडे पाहुणा म्हणून गेला की ओळंबा आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचा, मग पाण्याचा पेला घ्यायचा. बायको दबक्या आवाजात म्हणायची, "अहो, बसा ना. त्यांची भिंत त्यांना लखलाभ."

आणि एवढ्या सरळ माणसाचा स्वतःचा उजवा खांदा मात्र पडलेला होता. हत्यारांची पिशवी जन्मभर त्याच खांद्यावर. ती घेऊन जिने चढायचे, कारण लिफ्ट बंद असते म्हणूनच तर त्याला बोलावणं येतं. पिशवीनं खांदा हळूहळू खाली ओढून घेतला आणि त्याला पत्ताही लागू दिला नाही. सदऱ्यात ते खपून जायचं, स्वेटरमध्ये तर दिसायचंही नाही. कोटात लपत नाही.

हे त्याला जंटलमननं सांगितलं होतं.

जंटलमन म्हणजे त्याचा लहानपणचा दोस्त. एका गल्लीत वाढले, एका बाकावर बसून एकाच मास्तरांचा मार खाल्ला. पुढं हा लिफ्टच्या खड्ड्यात उतरला आणि तो सुटांच्या दुकानात काउंटरमागं उभा राहिला. केस चापून बसवलेले, गळ्यात टाय, टायवर मापाची फीत. गल्लीत आला तरी टाय सोडायचा नाही, म्हणून नाव पडलं जंटलमन. दर शनिवारी संध्याकाळी दुकानाच्या मागच्या दाराशी, रिकाम्या खोक्यांवर बसून दोघं चहा प्यायचे. ओळंब्याचे हात ग्रीसनं काळे, जंटलमनच्या बोटांना खडू. ओळंबा सांगणार लिफ्टीत अडकलेल्या माणसांच्या गोष्टी, जंटलमन सांगणार कोटात अडकलेल्या माणसांच्या.

"आज एक आला होता," जंटलमन सुरू करायचा. "पोट नगाऱ्यासारखं, खांदे बाटलीसारखे. एकही कोट बसेना."

"मग?"

"मग काय! आरशासमोर उभा केला, आपण मागं गेलो आणि पाठीवरचं कापड असं दोन बोटांत धरलं." तो ओळंब्याच्या सदऱ्याची पाठ चिमटीत धरून दाखवायचा. "पुढून कोट असा बसला, जणू अंगावरच उगवलाय."

"आणि त्याला कळलं नाही?"

"अरे, आरशात स्वतःला बघणाऱ्या माणसाला पाठ असते होय? तो पडला स्वतःच्या प्रेमात. मी चिमूट सोडेपर्यंत पावती फाटली होती."

ओळंबा असा हसायचा की चहा नाकात जायचा. जंटलमनला मग आणखी चेव यायचा. गिऱ्हाइकाबरोबर बायको आली की कशी पंचाईत होते, कारण बायको मागं उभी राहते. म्हणून गिऱ्हाइकाला एकट्यालाच कसं गाठायचं. आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे बाही. "पसंत पडला म्हणाला रे म्हणाला की लगेच बाही कापायला आत पाठवायची. कापडाला कात्री लागली की माल परत घेत नाही आम्ही. दुकानाचा नियमच आहे. मग घरी जाऊन रडा."

"चोर लेकाचा," ओळंबा डोळे पुसत म्हणायचा.

"चोर काय, पोट आहे मागं." आणि मग जंटलमन एकदम गंभीर व्हायचा. "पण तुला सांगून ठेवतो. खरा कोट बघायचा तर खांद्यात बघायचा. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. मान आणि कॉलर यांच्यात बोट जाता कामा नये. बटण लावलं की पोटावर सुरकुत्यांची फुली पडता कामा नये. बाकी सगळं शिंपी दुरुस्त करतो, खांदा नाही करत. आणि तुझा तर उजवा पडलाय. तुझ्या कोटात त्या बाजूला आतून गादी घालावी लागेल. तुला कधी सूट घ्यायचा झाला ना, तर माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नकोस."

"मला कशाला लागतोय सूट? लिफ्टीच्या खड्ड्यात कोण बघतंय?"

पण लागला.

मुलीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच हापिसातला, दोघांनी आपापसात ठरवून घरी सांगितलेलं. मुलाचे वडील बँकेतले मोठे अधिकारी, कडक इस्त्रीचे. पहिल्यांदा त्यांच्याकडे जायचं म्हणून ओळंब्यानं नवा सदरा घातला होता, दाढी दोनदा केली होती. लिफ्टीत शिरले, तर आत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आलात का एकदाचे? किती दिवस झाले, चौथ्या मजल्यावर करकर आवाज येतोय."

त्याचं दुर्दैव असं की आवाज खरंच येत होता. आणि त्याच्या तोंडून निघूनही गेलं, "रुळाला वंगण नाही, मावशी."

बायकोनं पदर तोंडाला लावला. मुलगी हसली नाही. ती लिफ्टच्या बटणांकडे बघत राहिली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या त्याला दिसल्या. व्याह्यांच्या घरात त्या दिवशी त्यानं एकही तसबीर सरळ केली नाही.

पुढच्या पगाराला मुलीनं पाकीट आणून त्याच्या हातात ठेवलं. "बाबा, सूट घ्यायचा. चांगला. तिकडचे सगळे सुटात असणार."

"मी सुटात म्हणजे बँडवाला दिसेन गं."

"बँडवाल्यांचे तरी मापाचे असतात," बायको मधेच म्हणाली.

"बाबा, माझ्या फोटोत तुम्ही त्यांच्या शेजारी उभे राहणार आहात," मुलगी म्हणाली. "मला वाटतं, कोणी बघितलं तर कळायला नको, कोण कुठल्या बाजूचा बाप." आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन पटकन म्हणाली, "तसं नाही हो." पण त्याला ते तसंच समजलं आणि पटलंही. एक दिवस, एका फोटोपुरतं, पोरीला खाली बघायला लागू नये. एवढंच त्याला हवं होतं, आणि ते करून देणारा माणूस जगात एकच होता.

जंटलमनला फोन केला. तो खूश झाला की गडबडला हे फोनवर कळलं नाही. म्हणाला, "ये की. पण दुपारचा ये, गर्दी नसते. आणि वहिनींना कशाला दमवतोस? बायका आल्या की रंगावरून भांडण. आपण दोघं बघू."

त्या दुपारी ओळंबा दुकानात पहिल्यांदाच पुढच्या दारानं शिरला. हात रॉकेलनं धुऊन, वर साबण लावून आला होता, तरी काचेच्या दाराला कोपरानंच ढकललं.

"या साहेब, या!" जंटलमन कमरेत वाकला. "आज मागच्या दाराची वरात पुढच्या दारानं!"

आत गारवा होता, पायाखाली गालिचा, आणि आरसा इतका मोठा की ओळंब्याला आधी वाटलं समोरून कोणी गरीब माणूस येतोय. पुढच्या दांडीवर गडद निळे कोट टांगलेले होते. त्यातल्या एकाला त्यानं हळूच बोट लावलं.

"ते नको," जंटलमन म्हणाला. "ते सगळे बारक्या पोरांच्या मापाचे. तुझ्यासाठी मी एक बाजूलाच काढून ठेवलाय." आणि आतल्या खोलीतून एक राखाडी सूट घेऊन आला. कापड झकास होतं, ओळंब्याला बोटांनीच कळलं. पँट घातली, ठीक होती. कोट घातला. जंटलमननं त्याला खांद्याला धरून आरशाकडे फिरवलं आणि मागं जाऊन उभा राहिला.

आरशात जो माणूस उभा होता त्याच्याकडे ओळंबा बघतच राहिला. ताठ, रुंद, नीटस. छातीवर एक सुरकुती नाही. व्याह्यांच्या शेजारी उभा केला तर व्याहीच जरा सरकून उभे राहतील असा. त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, दोस्ताची बोटं टेकलेली होती. त्याला वाटलं, गड्याचंही मन भरून आलंय. ती पोरगी यानंही कडेवर खेळवलेली.

"चालली रे पोरगी," ओळंबा आरशाकडे बघत म्हणाला.

"हो रे," जंटलमन म्हणाला. पण त्याची बोटं हलली नाहीत.

मग सगळं भराभर झालं. "पसंत ना? काढ, बाही जरा लांब आहे, आत्ताच कापून घेऊ," म्हणून कोट आत गेला. चहा आला. चहा संपेपर्यंत कोट बाही कापून, पिशवीत घडी होऊन बाहेर आला. इतकी वर्षं ऐकलेली गोष्ट डोळ्यांदेखत घडत होती, आणि ओळंब्याला त्यात आपली गोष्ट दिसली नाही. दोस्ताच्या दुकानात ओळंबा कोण लावतो?

घरी आल्यावर त्यानं सूट अंगात चढवला आणि आतल्या खोलीतून मोठ्या ऐटीत बाहेर आला.

बायकोनं भाजी चिरता चिरता वर पाहिलं. "हे काय? कोट कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? माझा."

"मग आतला माणूस कुठं गेला?"

मुलगी हसायला लागली आणि मधेच थांबली. ओळंबा कपाटाच्या आरशासमोर गेला. कोट खांद्यावरून खाली ओघळला होता, उजवीकडे जास्तच. कॉलर मानेपासून अशी दूर उभी होती की आत मूठ जावी. छातीवर दोन घड्या लोंबत होत्या.

"दुकानातला आरसा मोठा आहे गं," तो म्हणाला. "उजेडही चांगला आहे तिथं."

"थांबा, हलू नका. किती आत घ्यावा लागेल ते बघते." बायको उठली, ओले हात पदराला पुसले, त्याच्या मागं गेली आणि पाठीवरचं कापड बोटांत गोळा करून धरलं.

आरशात तो दुकानातला माणूस परत आला. ताठ, रुंद, नीटस.

"हं. असा पाहिजे बघा," ती म्हणाली.

"असाच होता," ओळंबा म्हणाला. "दुकानात असाच होता."

तिची बोटं दोन्ही खांद्यांच्या मधोमध होती. बरोबर तिथंच. कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलीला दिसलं की बाबांचं तोंड कसंतरीच झालंय, रात्रपाळीहून आल्यासारखं.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. मीच जरा सैल मागितला. आवळ कोटात मला गुदमरल्यासारखं होतं."

बायकोनं चिमूट सोडली. मुलगी आत निघून गेल्यावर, परत भाजीपाशी बसताना एवढंच म्हणाली, "म्हणून मला येऊ नको म्हणाले."

दुसऱ्या दिवशी ओळंबा कोट घेऊन मागच्या दाराशी गेला. वार शनिवार नव्हता. जंटलमन खोक्यावर बसून डबा खात होता. याला पाहून त्यानं घास तसाच हातात धरला.

ओळंब्यानं कोट अंगात घातला आणि त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला. "धर."

"काय?"

"मागून धर. मला परत एकदा बघू दे, कसा दिसतो ते."

"इथं आरसा कुठंय, येड्या..."

"तू धर तर."

जंटलमन उठला नाही. तेवढ्यात आतून दुकानाचा शिंपी चूळ भरायला बाहेर आला. त्याला बिचाऱ्याला मागचंपुढचं काही ठाऊक नाही. कोटाकडे बघून म्हणाला, "अरे वा, गेला का हा शेवटी? त्या धिप्पाड कंत्राटदारानं शिवायला टाकला न् नेलाच नाही. किती दिवस दांडीवर पडून होता." मग खांद्याकडे बघून त्यानं मान हलवली. "पण काका, तुम्हाला होत नाही हा. कमर घेता येईल, पाठही थोडी घेता येईल. खांदा नाही येणार. खांदा मुळातून काढायचा म्हणजे नवाच कोट शिवायचा." चूळ भरून तो आत गेला.



"मालक आता बसत नाहीत," जंटलमन डब्याकडे बघत बोलायला लागला. "त्यांचा पोरगा बसतो. त्यानं सांगितलंय, पडून राहिलेला माल गेला नाही तर जुनी माणसं जातील. ह्या वयात मला कोण उभं करणार रे दुकानात? सांग ना. घरी माझी आजारी..."

"ते कळलं. मलाच का?"

"तू..." त्यानं घास डब्यात ठेवला. "तू परत आणणार नाहीस असं वाटलं. तक्रार करणारा नाहीस तू."

ओळंबा थोडा वेळ ते वाक्य ऐकत उभा राहिला, जसा बंद लिफ्टच्या दाराला कान लावून उभा राहायचा.

"मला सांगायचंस," तो म्हणाला. "म्हणायचंस, अमुक असं संकट आहे, हे पोतं तेवढं घेऊन जा. नेलं असतं मी. पोतं म्हणून नेलं असतं. पोरीला काहीतरी थाप मारली असती, ती काय आताही मारलीच."

"चुकलं माझं. मी शिंप्याला सांगून गादी घालून देतो, पाठ घेतो..."

"तुला माझा खांदा माहीत होता रे. कोट अंगात घालायच्या आधीपासून माहीत होता."

जंटलमननं डब्याचं झाकण लावलं.

"आणि आपण हसायचो ना त्या लोकांना," ओळंब्यानं कोट काढला आणि हातावर टाकला. "ह्या वेळी कोणाबरोबर हसलास?"

"हसलो नाही," जंटलमन म्हणाला. "शपथ. हसलो नाही."

ते खरं असावं. पण त्यानं ओळंब्याला बरं वाटलं नाही.

दुसरा सूट घ्यायला ना सवड होती ना ऐपत. बायकोनं जुन्या उशीतला कापूस काढून उजव्या खांद्यात आतून गादी शिवली, पाठीला दोन चुण्या घातल्या. पोत्याचा सदरा झाला, सदऱ्याचा कोट काही झाला नाही. ती म्हणाली, "सरळ आपला पांढरा सदरा घाला. त्यात माणसासारखे दिसता." पण मुलगी रोज घरी आली की विचारायची, "बाबा, सूट तयार ना?" तिच्या पाकिटाचा होता तो. ओळंबा म्हणाला, "हाच घालणार."

लग्नाच्या दिवशी व्याही गडद निळ्या सुटात होते. कॉलर मानेला चिकटलेली, बाहीतून सदऱ्याची बोटभर कड बाहेर, खांद्याची शिवण बरोबर हाडावर. ओळंब्याला आता नुसत्या नजरेनं कळत होतं, आणि कळतं म्हणूनच त्रास होत होता. व्याही भला माणूस, त्यांनी कोटाकडे पाहिलंही नाही. त्यांनी इतकं ठरवून पाहिलं नाही की ओळंब्याला ते दिसलं.

जंटलमन आला होता. बायकोनं बोलावणं आधीच केलेलं, परत कसं घेणार? तो मागच्या खुर्चीवर बसून राहिला. टाय होता, पण गाठ सैल होती.

"मुलीकडची मंडळी, मुलाकडची मंडळी, सगळे या!" फोटोवाला ओरडला. त्यानं माणसांना दंडाला धरून रांगा लावल्या. मधे नवरानवरी, एका बाजूला व्याही, एका बाजूला ओळंबा. "काका, तुम्ही उंच आहात, मागं या," म्हणून त्यानं जंटलमनला खुर्चीवरून ओढून आणला आणि नेमका ओळंब्याच्या मागं उभा केला.

"सगळे इकडे बघा. हलू नका."

तेव्हा ओळंब्याला पाठीवर बोटं लागली. दोन्ही खांद्यांच्या मधोमध. कापड हळूच गोळा झालं, छातीवरच्या घड्या सरकन मागं गेल्या, कॉलर येऊन मानेला टेकली. मुलीनं कडेनं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. बाबा ताठ दिसत होते. व्याह्यांच्या तोडीस तोड.

"राहू दे," मागून जंटलमन कुजबुजला. "फोटो होईपर्यंत राहू दे. मी धरतो."

खोटं नव्हतं त्याच्या आवाजात. ओळंब्याला ते कळलं. एवढा एक फोटो, आणि पोरीला हवं होतं ते तिला जन्मभर भिंतीवर मिळालं असतं. नुसतं उभं राहायचं होतं.

"हं, तीन म्हणेन तेव्हा," फोटोवाला म्हणाला.

ओळंबा एक पाऊल पुढं सरकला.

चिमूट सुटली. कोट सुस्कारा टाकल्यासारखा खाली आला, घड्या लोंबल्या, कॉलर मानेपासून दूर झाली. मुलीनं परत त्याच्याकडे पाहिलं, ह्या वेळी कोटाकडे नाही, तोंडाकडे. आणि काय समजली कोण जाणे, तीही एक पाऊल पुढं आली आणि त्याच्या हातात हात घालून उभी राहिली. "मधेच हलायचं नाही हो," फोटोवाला कुरकुरला, आणि त्यानं फोटो काढला.

तो फोटो घरात आहे. बापलेक रांगेच्या थोडे पुढं आलेत, बाप राखाडी पोत्यात. मुलगी माहेरी आली की फोटोसमोर थांबते.

"बाबा, काका असे खाली का बघतायत?" तिनं एकदा विचारलं. फोटोत जंटलमनची मान खाली आहे, हात अर्धवट पुढं आलेला, दोन बोटं एकमेकांना लागलेली.

ओळंबा पायरीवर बसून पिशवीतली हत्यारं पुसत होता. शनिवारची संध्याकाळ होती. हल्ली शनिवारी तो घरीच असतो.

"काहीतरी सुटलं असेल हातातून," तो म्हणाला, आणि पाना कापडात गुंडाळून ठेवला.